डबा आला, मुंग्या गेल्या

31 ऑक्टोबर 2012 ही मुंबईतल्या केबलवरच्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाची अखेरची मुदत होती. ती उलटली आणि ज्यांनी सेट टॉप बॉक्स, म्हणजे डबा, घेतला नव्हता, त्यांच्या पडद्यावर मुंग्याच मुंग्या दिसू लागल्या. मार्च 2013 अखेर पुणे, नाशिक, नागपूर धरून 38 शहरांची पाळी आली. उरलेली शहरं आणि खेडी मुदतवाढी घेत घेत 2017 मध्ये या डिजिटल व्यवस्थेत आली.

केबल डिजिटल करणाऱ्या 2011 च्या कायदादुरुस्तीमागची कारणं रास्त होती. एका अ‍ॅनालॉग वाहिनीच्या जागेत दहा-बारा डिजिटल वाहिन्या मावतात. शिवाय केबलवाल्याकडे खरी ग्राहकसंख्या किती, हे कुणालाच नेमकं कळत नव्हतं. डब्यामुळे प्रत्येक जोडणी मोजली जाऊ लागली आणि चित्रही स्वच्छ झालं. हा फायदा मी नाकारत नाही. पण त्याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती जुना टीव्ही असलेल्या घरांनी, आणि त्यांचा विचार फार उशिरा झाला.

जुना संच बाद झाला नव्हता. मागे पिवळं-लाल-पांढरं सॉकेट असलं की डब्याच्या तीन वायरी जोडायच्या, टीव्ही ‘एव्ही’वर न्यायचा, की झालं. त्याआधीच्या संचांना मात्र अँटेनाचं एकच भोक. त्यांना तशी सोय असलेला डबा किंवा मध्ये मॉड्युलेटर लागे. ते जमलं तरी कडेची अक्षरं पुष्कळदा पडद्याबाहेर जात.

वायरींपेक्षा रिमोट जड गेले. “आजी, आधी टीव्हीचा, मग डब्याचा,” असं केबलचा मुलगा सांगून जाई. आजींच्या बोटांना सह्याद्री, मराठी मालिका, बातम्या यांचे एक-दोन आकडी नंबर पाठ होते. आता तीन आकडे दाबायचे, तेही ते नंबर पुन्हा बदलेपर्यंत. चुकून टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं गेलं, की ‘नो सिग्नल’. मग नातू शाळेतून येईपर्यंत दुपार रिकामी. पूर्वी पाऊस लागला तर मुंग्यांमधूनही बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये सिग्नल एका मर्यादेखाली गेला, की चित्राचे चौकोन होतात आणि आवाजही तुटतो.

खिशालाही चाट बसली. अ‍ॅनालॉगच्या काळात एकाच केबलला स्प्लिटर लावून स्वयंपाकघरातला किंवा आजोबांच्या खोलीतला जुना टीव्हीही चालायचा. आता प्रत्येक संचाला वेगळा डबा आणि वेगळे पैसे. 2019 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या दररचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी कर वगळून कमाल 130 रुपये शुल्क लागू झालं. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर. घरातल्या दुसऱ्या जोडणीचं हे शुल्क पहिलीच्या 40 टक्क्यांपर्यंतच घ्यावं, हे ट्रायने ठरवलं ते जानेवारी 2020 मध्ये. तोवर घराघरातला दुसरा संच माळ्यावर तरी गेला होता, नाहीतर भंगारात.

अमेरिकेत जून 2009 मध्ये अँटेनावरचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करताना सरकारने कन्व्हर्टरसाठी 40 डॉलरची कूपनं दिली होती, एका घराला दोनपर्यंत. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या घरांनी डब्याचे पैसे स्वतःच भरले.

आपल्याकडे गच्चीवरच्या अँटेनाचा निरोप तर बहुतेकांच्या लक्षातही आला नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तेव्हापासून संच आणि अँटेना घेतला की पुढे कुणाला दरमहा पैसे द्यावे लागत नसत. दूरदर्शनचे हे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. मोक्याच्या पन्नासेक ठिकाणांखेरीज बाकीचे मार्च 2022 पर्यंत थांबवायचं प्रसार भारतीने जाहीर केलं. पर्याय होता. डिसेंबर 2004 पासूनची दूरदर्शनची मोफत डिश सेवा, आजची डीडी फ्री डिश. छत्री आणि डब्याचा एकदाचा खर्च केला की दरमहा काही भरावं लागत नाही, आणि सह्याद्रीही दिसते. खेड्यांत ती पसरली. शहरात एकट्या राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना मात्र ती कुणी सांगितलीच नाही.

कायद्याने एखादी जुनी सोय बंद करायची, तर नवी सोय परवडेल आणि वापरता येईल हे पाहणंही त्याच कायद्याचं काम आहे. डबा घरोघरी पोचवला तसा तो शिकवणारा माणूसही पोचवायला हवा होता. पुढचा कुठलाही बदल आणताना मुदतीची तारीख ठरवण्याआधी घरातल्या सर्वांत जुन्या संचाचा आणि तो बघणाऱ्याचा विचार व्हावा.