हद्रामौत ते शहागंज, शहागंज ते जेद्दा
लेखमाला ‘पोटासाठी देशांतर’ : भाग सातवा

गेल्या आठवड्यात आपण स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनच्या एका विणकराचं घर पाहिलं. वाफेवरचे माग आले, हातमाग बसले आणि १८४८ साली कार्नेगी कुटुंब वीस पौंड उसने घेऊन अमेरिकेच्या बोटीत चढलं. तेरा वर्षांचा अँड्र्यू तिथल्या कापड गिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंटवर कामाला लागला. पुढे तो पोलादसम्राट झाला ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. अमेरिकेत पाय ठेवल्यावर त्या कुटुंबाला ‘परत कधी जाणार?’ असं कुणी विचारलं नाही. ब्रिटनमधून गेलेला माणूस तिथं राहू शकत होता, जमीन घेऊ शकत होता, नागरिक होऊ शकत होता. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं तर नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या परदेशी माणसालाही १६० एकरांवर हक्क सांगता येऊ लागला. ती जमीन मुळात कुणाची होती हा प्रश्न फार मोठा आहे, त्यावर आपण तिसऱ्या भागात बोललो आहोत.

जायला मिळणं आणि राहायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला दोन्ही मिळालं त्याचं देशांतर फळलं. ज्याला फक्त जायला मिळालं, त्यानं आयुष्य दुसऱ्याच्या कागदावर काढलं. हे आपल्या मातीत पाहायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजला यावं लागेल.

शहागंज म्हणजे जुन्या औरंगाबादचा भरबाजार. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली मोठी मशीद, उन्हाळ्यात शहराची तहान भागवणाऱ्या हौदाची आठवण, निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा, आणि त्याभोवती भाजी, कपडे, अत्तर, चपला, मोबाइल यांची दाटी. याच दाटीत उमरा, हज, तिकीट, व्हिसा अशा पाट्या दिसतात. इथून जेद्दा, रियाध, दुबई, दोहा ही नावं शेजारच्या तालुक्यासारखी उच्चारली जातात. जुन्या शहरात आणखी एक गोष्ट कानावर पडते, ती म्हणजे चाऊश हे आडनाव. मराठवाड्यात जालना, बीड, परभणी, नांदेडपर्यंत हे आडनाव भेटतं. त्यामागे याफई, कसेरी, अमूदी, बावझीर अशी कुळांची नावं असतात. ही कुळं आली येमेनमधल्या हद्रामौतहून. आज इथला तरुण पोटासाठी अरबस्तानात जातो. दोनशे वर्षांपूर्वी वाट उलटी होती. पोटासाठी अरब माणूस दख्खनमध्ये येत होता.

हद्रामौत ही एक लांबलचक कोरडी दरी. पाऊस आला की ओढे भरून वाहतात, ते पाणी बांध घालून खजुरीच्या बागांत वळवायचं आणि त्यावर वर्ष काढायचं. शिबाम नावाच्या गावात कच्च्या विटांचे पाच-सात मजली वाडे आहेत, आज ते जागतिक वारसा यादीत आहेत. पण वाड्यातल्या सगळ्या मुलांना पुरेल इतकं पीक त्या दरीत कधीच नव्हतं. त्यात टोळ्यांची आपसातली वैरं. म्हणून घरटी एक-दोन मुलं बाहेर पाठवणं हा तिथला रिवाजच झाला. सय्यद आणि व्यापारी घराण्यांची मुलं जावा, सिंगापूरकडे गेली. बंदूक चालवणाऱ्या टोळ्यांची मुलं शिहर किंवा मुकल्ला बंदरातून मोसमी वाऱ्यावर गलबतानं निघाली आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरून दख्खनच्या वाटेला लागली.

त्यांना इथं मागणी का होती? कारण इथल्या राजकारणात ते कुणाचेच नव्हते. भाऊबंदकी नाही, वतन नाही, गावकीतला पक्ष नाही. ज्याचा पगार खाल्ला त्याच्या दारावर ते उभे राहत. बडोद्याच्या गायकवाडांकडे अरब जमादार नुसते शिपाई नव्हते, सरकारच्या कर्जाला आणि करारांना ते जामीन राहत. त्यांचा शब्द सावकार मानत. इंग्रजांना बडोद्यात हात घालायचा होता तेव्हा १८०२ साली त्यांनी आधी या अरबांना हटवलं. मराठी सत्तांच्या अखेरच्या काळात पेशवे, भोसले सगळ्यांच्याच पदरी अरब होते आणि त्यांना देशी शिपायापेक्षा जास्त पगार मिळे.

सीताबर्डीची लढाई आपण शाळेत वाचतो. त्यानंतरचा भाग क्वचितच सांगितला जातो. अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती गेल्यावरही नागपुरातल्या अरबांनी शहर सोडलं नाही. २४ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला. शेवटी ३० डिसेंबरला वाटाघाटी होऊन ते बायकामुलं आणि सामानसुमानासह बाहेर पडले. यातला ‘बायकामुलं’ हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. लढाईपुरता आलेला भाडोत्री माणूस संसार घेऊन हिंडत नाही. ही माणसं इथली होऊ लागली होती. पुढच्या वर्षी मालेगावच्या किल्ल्यात काही शे अरबांनी इंग्रजी तोफांना जवळपास महिनाभर दाद दिली नाही. १३ जून १८१८ला तो किल्ला पडला. पेशवाई संपली, नागपूरची सत्ता नावापुरती उरली, आणि बंदुकीवर पोट असलेल्या या माणसांना एकच मोठा धनी उरला, तो म्हणजे निजाम. औरंगाबादेत १७६३ पर्यंत निजामाची राजधानी होती. नंतर ती हैदराबादला गेली, पण मराठवाडा त्याच राज्यात राहिला.

निजामाच्या राज्यात अरबांची भरभराट झाली, आणि तिची काळी बाजूही सांगितली पाहिजे. दरबाराचे पगार थकत. सरदार कर्जात बुडालेले असत. साठलेल्या पैशातून अरब जमादार त्यांना कर्ज देत आणि बदल्यात तालुक्यांचा वसूल गहाण घेत. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात सारा मागायला येणारा माणूस सरकारचा नव्हे, सावकाराचा शिपाई असे. १८५३ साली सालारजंग दिवाण झाले तेव्हा असे गहाण पडलेले तालुके सोडवणं हे त्यांचं एक मोठं काम होतं. परदेशी गेलेला माणूस तिथं सतत पीडितच असतो असं नाही. सत्ता हाती आली की तोही कुणाच्या तरी मानेवर बसतो. अमेरिकेतही हेच घडलं आणि दख्खनमध्येही.

या जमादारांपैकी एक घराणं कुठवर पोचलं ते पाहण्यासारखं आहे. शिबामहून आलेले उमर बिन अवद अल-कुऐती हैदराबादच्या फौजेत जमादार झाले. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी दख्खनमध्ये कमावलेला पैसा आणि इथून पाठवलेली माणसं यांच्या बळावर हद्रामौतच्या किनाऱ्यावर राज्य उभं केलं. १८८१मध्ये मुकल्ला त्यांच्या हाती आलं, १८८८मध्ये त्यांनी ब्रिटिशांचं संरक्षण स्वीकारलं. घराण्यातला एकच माणूस हैदराबादेत निजामाचा जमादार ‘सुलतान नवाज जंग’ आणि समुद्रापलीकडे खुद्द राज्यकर्ता! ते राज्य १९६७ पर्यंत टिकलं. तेलंगण-मराठवाड्याच्या काळ्या मातीतून वसूल झालेला सारा अरबी समुद्र ओलांडून वाळवंटातले किल्ले बांधायला गेला. आज आखातातून येणाऱ्या पैशाबद्दल आपण बोलतो, तेव्हा हा आधीचा प्रवाह विसरू नये.

साध्या शिपायाची गोष्ट अर्थातच राज्याची नव्हती. तो इथं लग्न करी, बायको इथली, मुलं दखनी बोलणारी. दोन पिढ्यांत अरबी भाषा प्रार्थनेपुरती आणि लग्नातल्या मरफा वाद्यापुरती राहिली. थोडा पैसा जुन्या गावी जाई, पण घर इथं बांधलं जाई. हातात राहण्याचा लेखी परवाना नव्हता, आणि तो कुणी मागतही नव्हतं.

मग कागद मागण्याची वेळ आली. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. मराठवाड्यानं रझाकारांच्या काळात जे सोसलं ते खरं आहे, त्या मुक्तीचा आनंदही खरा आहे. निजामाच्या अनियमित फौजांत अरब होते, त्यामुळे त्यांच्याकडे संशयानं पाहिलं गेलं. पण त्या संशयात असे अनेक जण अडकले, ज्यांनी हद्रामौत कधी पाहिलंच नव्हतं. अरब म्हणून मोठ्या संख्येनं माणसांना ताब्यात घेण्यात आलं आणि त्यांना समुद्रापार ‘परत’ पाठवण्याचा विचार झाला. तिकडे हद्रामौतवर देखरेख ठेवणारं एडनचं ब्रिटिश प्रशासन इतकी माणसं घ्यायला नाखूश होतं. हद्रामौत नुकतंच भीषण दुष्काळातून उठत होतं. दुसऱ्या महायुद्धात जावाहून येणारा पैसा बंद झाल्यावर तिथं माणसं उपाशी मेली होती. दोन्ही सरकारांना नकोशी झालेली माणसं छावण्यांत बसून होती. काही पाठवली गेली, बरीच राहिली. राहिलेल्यांनी नोकरी, रिक्षा, दुकान, शेती, मिळेल ते केलं. फौज संपली होती, जहागिरी संपल्या होत्या.

वीस-पंचवीस वर्षांत जगाचं पारडं फिरलं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताला हात हवे झाले. गवंडी, वायरमन, ड्रायव्हर, शिंपी, स्वयंपाकी. शहागंजच्या गल्ल्यांतून सगळ्या कुळांची, सगळ्या आडनावांची मुलं निघाली. चाऊश घरांतलीही निघाली. ज्या भूमीतून पणजोबा आले होते तिच्याच शेजारी पणतू गेला, पण पाहुणा म्हणून. दख्खननं त्याच्या पणजोबाला राहू दिलं होतं. सौदी अरेबिया राहू देत नाही. तिथं इकामा म्हणजे निवासाचा परवाना, आणि तो कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही आहात त्या मालकाच्या, आधारानं. तीस वर्षं काम केलं, मुलं तिथंच जन्मली, तरी नागरिकत्व नाही. अलीकडच्या वर्षांत नोकरी बदलण्याचे नियम सैल झाले हे खरं, पण मुक्काम अजून नोकरीलाच बांधलेला आहे. जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना शंभर रियाल शुल्क लागू झालं, ते दरवर्षी वाढत २०२०मध्ये चारशेवर गेलं. चार माणसांच्या घराला हे परवडेना. बायकामुलांना परत पाठवायचं आणि आपण एका खोलीत सहा जणांत राहायचं, असा निर्णय कितीतरी घरांना घ्यावा लागला. नागपूरच्या वेशीतून १८१७ साली बायकामुलांसह बाहेर पडणारा अरब शिपाई या बाबतीत आजच्या आपल्या मुलापेक्षा सुदैवी होता, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

जाऊ नका, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. इथं पोट भरत असतं तर कुणी गेलं नसतं. मात्र ज्या देशांत राहण्याचा हक्क मिळत नाही, तिथं जाताना निदान जाण्याचा कागद पक्का हवा. भारताचा १९८३चा उत्प्रवास कायदा नेमका यासाठी आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. त्याला नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, अमिरात या यादीत आहेत. येमेनही आहे, पण युद्धामुळे तिथं जाण्यावर भारतानं २०१७ पासून बंदी घातली आहे. हद्रामौत त्याच देशात येतं, त्यामुळे पूर्वजांचं गाव पाहायची इच्छा असली तरी वाट बंद आहे.

ही मंजुरी म्हणजे त्रास, असं एजंट सांगतो आणि पळवाट दाखवतो. भेटीच्या व्हिसावर पाठवतो, ‘तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ’ म्हणतो. या वाटेनं गेलेल्या माणसाची नोंद भारताकडे कामगार म्हणून नसते आणि तिथं काम करणं गुन्हा ठरतो. दुसरा सापळा ‘आझाद व्हिसा’चा. कागदावर एक कफील, प्रत्यक्षात त्याच्याकडे कामच नाही, बाहेर मिळेल ते करायचं आणि त्याला दरमहा पैसे द्यायचे. कफीलनं रागानं ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची तक्रार, नोंदवली की पगार, परवाना, परतीची वाट सगळंच अडकतं.

म्हणून घरातला मुलगा निघणार असेल तर त्याच्याबरोबर बसून एवढं तपासा. एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना क्रमांक आहे का, आणि तो ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर सापडतो का? त्याची फी कायद्यानं तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे, त्यापेक्षा जास्त मागणारा कायदा मोडतो आहे. नोकरीच्या कराराची प्रत जाण्याआधी हातात घ्या आणि एक घरी ठेवा. मंजुरीनं जाणाऱ्याचा प्रवासी भारतीय विमा निघतो, त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण आहे. तिथं अडचण आली तर दूतावास आणि ‘मदद’ पोर्टल यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. पण त्यांनाही आधी तोच करार आणि तोच पासपोर्ट क्रमांक लागतो.

आणि चाऊश घरांतल्या वडीलधाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. १९४८च्या आधीचे जमादारीचे कागद, पगाराच्या सनदा, हद्रामौतहून आलेली पत्रं कुणाच्या पेटीत असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांचे फोटो काढून ठेवा, नातवंडांना दाखवा, विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवा. मराठवाड्याच्या इतिहासाचा हा भाग लिहायचा राहिला आहे आणि त्याचा पुरावा तुमच्याच घरात आहे.

पुढच्या आठवड्यात : रत्नागिरीची घरं आणि कुवेतची दिनारं.