जॅम, चिखल आणि साहेब

घोडदळातला एक जुना सार्जंट. समोर चाक मोडून लंगडी झालेली जीप. सार्जंटाने एका हाताने डोळे झाकले आहेत आणि दुसऱ्या हातातले पिस्तूल जीपच्या बॉनेटवर रोखले आहे. चित्राखाली एक शब्दही नाही. पाय मोडलेल्या घोड्याला तडफडत ठेवायचे नाही, गोळी घालून मोकळे करायचे, ही घोडदळाची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला आधी हसू येते आणि मग सार्जंटाबद्दल वाईट वाटते.

हे व्यंगचित्र बिल मॉल्डिनचे. न्यू मेक्सिकोत १९२१ साली जन्मलेला हा पोरगा अमेरिकेच्या ४५व्या पायदळ डिव्हिजनबरोबर १९४३ मध्ये सिसिलीत उतरला आणि तिथून इटलीभर चिखल तुडवत गेला. कासिनोजवळ उखळी तोफेच्या गोळ्याची कपची लागून जखमी झाला. ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या लष्करी दैनिकात त्याचे विली आणि जो हे दोन पायदळी शिपाई येऊ लागले. दाढीचे खुंट, पोक आलेली पाठ, आठवडाभर न झोपलेले डोळे. एका चित्रात जखमी झाल्याबद्दल मिळणारे पदक समोर धरलेले आहे आणि विलीला हवी आहे ॲस्पिरिनची गोळी. पदक त्याच्याकडे आधीच एक आहे.

जनरल पॅटनना ही दाढी सोसेना. त्यांच्या थर्ड आर्मीत शिपायाने हेल्मेट, टाय आणि गुळगुळीत गाल यांसह लढायचे असा दंडक होता. मॉल्डिनने एका चित्रात थर्ड आर्मीच्या हद्दीवर फलक रंगवला: टाय नसेल तर इतका दंड, दाढी असेल तर इतका. जीपमधले विली आणि जो फलक वाचतात आणि हजार मैलांचा वळसा घालून येत असल्याचा निरोप वायरलेसवरून साहेबांना धाडतात. अखेर १९४५च्या सुरुवातीला लक्झेंबर्गमध्ये जनरल आणि सार्जंट मॉल्डिन समोरासमोर बसले. जनरलनी बंडाची चिथावणी वगैरे सुनावले, सार्जंटने ऐकून घेतले आणि परत येऊन दाढीवाले विली-जो पुन्हा काढायला घेतले. सरसेनापती आयझेनहॉवर यांचा त्याला आधार होता, हे खरे. त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. वय २३.

या चित्रांत जर्मन फार थोडे दिसतात. दिसले तरी तेही तितकेच मळलेले, तितकेच दमलेले. शत्रूला राक्षस करून दाखवणारी चित्रे बहुधा आघाडीपासून दूर बसून काढली जातात. पहिल्या महायुद्धात रक्तपिपासू जर्मन काढून जगभर गाजलेला लुई रेमाकर्स हा तटस्थ हॉलंडचा माणूस. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण खंदकातला शिपाई हसत होता तो भलत्याच गोष्टींवर.

कशावर, ते ब्रूस बेर्न्सफादरकडे पाहावे. जन्म १८८७, आपल्याच उपखंडातल्या मरी गावी. १९१४च्या नाताळात दोन्ही बाजूंचे शिपाई खंदकांतून बाहेर येऊन भेटले, त्यात हा मशीनगन विभागाचा अधिकारी होता. एका जर्मन अधिकाऱ्याशी त्याने कोटाच्या बटणांची अदलाबदल केली. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत तोफगोळ्याने कान आणि मन दोन्ही हादरले. त्याचा झुबकेदार मिश्यांचा ओल्ड बिल गोळ्याने पडलेल्या खड्ड्यात बसलेला असतो, वर आभाळ फाटलेले असते. शेजारी कुरकुरतो तेव्हा बिलचे उत्तर एवढेच, की याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर तिकडे जा. दुसऱ्या एका चित्रातली चिंता रोज मिळणाऱ्या प्लम-ॲपल जॅमची: स्ट्रॉबेरीचा डबा कधी येणार? इंग्लंडातल्या काही भारदस्त मंडळींना हे शिपायाचे विडंबन वाटले. सैन्याने मात्र कात्रणे खंदकांत टांगली.

त्याच ईप्रच्या ढिगाऱ्यात शेरवुड फॉरेस्टर्सच्या एका पलटणीला मोडका छापखाना सापडला. तुकडीत एक सार्जंट मूळचा छपाईवाला निघाला. कॅप्टन रॉबर्ट्स आणि लेफ्टनंट पिअरसन यांनी फेब्रुवारी १९१६ मध्ये ‘वायपर्स टाइम्स’ काढला. ‘वायपर्स’ म्हणजे टॉमीच्या, ब्रिटिश शिपायाच्या, जिभेवरचे ईप्र. खिळे अपुरे. इंग्रजीतली ‘ई’ आणि ‘वाय’ ही अक्षरे इतकी कमी, की एका वेळी एकच पान जुळवायचे, छापायचे, मोडायचे आणि पुढचे जुळवायचे. ज्याने हाताने खिळे जुळवलेले पाहिले आहेत, त्याला डोक्यावर तोफा चालू असताना हा खटाटोप म्हणजे काय ते कळेल. त्यातल्या खोट्या जाहिराती हा माझा आवडता भाग. ‘हिल ६०’ ही सुरुंगांनी पोखरलेली टेकडी तिथे घरबांधणीसाठी विकायला काढली आहे: हवा मोकळी, ईप्रचे दर्शन उत्तम. आणखी एका जाहिरातीत आशावाद हा रोग ठरवून त्यावर दोन दिवसांत हमखास उपचार देऊ केला आहे. लंडनच्या वर्तमानपत्रांत बसून विजयाची गणिते मांडणाऱ्या हिलरी बेलॉकची तिथे ‘बेलरी हेलॉक’ अशी अक्षरे उलटून टर उडवली जाई. लढाई पुढे सरकली तशी पत्राची नावे बदलत गेली. डिसेंबर १९१८ पर्यंत २३ अंक निघाले.

चेक लेखक हाशेकचा शिपाई श्वेइक त्याच युद्धातला. त्याच्याबद्दल एवढेच: लष्करावरच्या त्या थोर अपूर्ण पुस्तकात नायक खऱ्या लढाईपर्यंत पोचतच नाही.

फ्रान्समध्ये १९१५ साली आपले शिपाईही होते. त्यांच्याकडे छापखाना नव्हता आणि घरी जाणारे पत्र सेन्सॉर आधी वाचायचा. मग त्यांनी मसाल्याच्या डब्यात हात घातला. काळी मिरी सरत आली, आता लाल मिरची वापरताहेत, असे काहीजण लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला हे कळत होते. याला विनोद म्हणावे का, असे कुणी विचारील. मी म्हणेन, आणि ‘वायपर्स टाइम्स’च्या पंगतीत बसवीन.

मॉल्डिनच्या इटलीत मराठ्यांच्या पलटणीही होत्या. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला टायबरच्या खोऱ्यात पडले. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीतून जखमी सोबत्यांना पार नेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. रांगेत थाळी घेऊन उभे असताना ती पोरे कुणाची थट्टा करत होती, हे पदकाच्या मानपत्रात येत नाही. मराठीत लष्करातल्या गमती लिहिणाऱ्यांत लष्करी डॉक्टर आणि विनोदी लेखक कॅप्टन गो. गं. लिमये यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या ‘सैन्यातील आठवणी’ शोधून वाचाव्यात.

युद्धाच्या शेवटच्या दिवशी विली आणि जो यांना मारून टाकायचे मॉल्डिनने ठरवले होते. संपादक नको म्हणाले, म्हणून दोघे वाचले. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शुश्रूषागृहात स्मृती हरवलेला मॉल्डिन पडून आहे ही बातमी पसरली, तेव्हा ऐंशीच्या घरातले जुने पायदळवाले त्याच्या खाटेशी येऊन बसू लागले. ज्यांना येणे झाले नाही त्यांनी पत्रे लिहिली. ती दहा हजारांच्या वर गेली.