पासांचे भांडण आणि मैदानाचे अंतर

२९ फेब्रुवारी १९९६. केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले, तेव्हा मी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर होतो. सदाशिव पेठेतून चालत गेलो होतो, चालतच परतलो. वाटेत स्वारगेटच्या टपऱ्यांवर लोक चहाबरोबर तोच सामना पुन्हा खेळत बसले होते.

मैदान शहरातून का उठते, हे शोधताना मला आधी मुंबई गाठावी लागली. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, सामने भरवणार मुंबईची क्रिकेट संघटना. जागावाटपावरून बिनसले आणि संघटनेने वानखेडे बांधले. तिथली पहिली कसोटी जानेवारी १९७५ची. पण नवे मैदान जुन्यापासून किलोमीटरभराच्या आतच. प्रेक्षक चर्चगेटलाच उतरत राहिले, खाणावळींची गिऱ्हाइके तीच राहिली.

पुण्यात मैदान महापालिकेचे, सामने महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे आणि तंटा पुन्हा तिकिटे-पासांचाच! या वेळी मात्र संघटना थेट मावळात गेली, द्रुतगती मार्गालगत गहुंजेला. २०१२ पासून मोठे सामने तिथे. स्वारगेटची कोंडी तेवढ्यापुरती टळली, हे मान्य. पण पेठांतून पायी जाणारा प्रेक्षक संपला. त्याला आता गाडी हवी, पार्किंग हवे. लोकलने बेगडेवाडीला उतरले तरी पुढची वाट उरतेच. आणि सामना सुटल्यावर गर्दी थांबते कुठे? ती सरळ महामार्गाला लागते.

गहुंजेच्या शिवारात आता उंच इमारती दिसतात. तिथून परतताना रात्री मी स्वारगेटला उतरलो, चहा घेतला. शेजारच्याने विचारले, “आज मॅच होती का?”