सव्वाशे सीसीत किती घोडे मावतात?

पुण्यात कुठल्याही सिग्नलला थांबा, आजूबाजूच्या दुचाकींवर १२५ हा आकडा हमखास दिसेल. आकुर्डीच्या बजाजची पल्सर १२५ या मापातून सुमारे ११.८ अश्वशक्ती काढते, तीही मिनिटाला ८,५०० फेऱ्या झाल्यावर. बजाजच्याच चाकणच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम १२५ ड्यूक साडेचौदापर्यंत जाते. रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीचं कार्ट रेसिंगचं टू-स्ट्रोक इंजिन ११,५०० फेऱ्यांना ३० च्या आसपास पोहोचतं. आणि ग्रां प्री शर्यतींत धावलेली इटलीची अप्रिलिया आरएसए १२५? तब्बल ५४!

चारही इंजिनांत सिलिंडर एकच, घनफळही तेच. ताकदीत मात्र साडेचार पटींहून जास्त फरक. अप्रिलियाचं प्रमाण १,२०० सीसीच्या साध्या मोटारीला लावलं तर तिच्यातून ५०० हून जास्त अश्वशक्ती निघायला हवी.

यात जादू काही नाही. सीसी हा आकडा फक्त एवढंच सांगतो की पिस्टन एका धावेत किती जागा मोकळी करतो. ती जागा मिनिटाला किती वेळा भरायची, किती गच्च भरायची, आतलं मिश्रण किती दाबायचं, यावर तो गप्प असतो. स्पर्धेच्या नियमात ‘१२५ सीसीपर्यंत’ एवढंच लिहिलेलं असेल, तर बाकीचे सगळे आकडे इंजिन बांधणाऱ्याच्या हातात राहतात.

कॉलेजच्या गो-कार्ट टीमचं काम डोळ्यांसमोर आणा. बाइकचं जुनं इंजिन खोलून टेबलावर ठेवलंय. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५४.५; मिळून घनफळ १२४.८ सीसी. नियमात अगदी चपखल. आता नाना पेठेतून एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आणून सिलिंडर तेवढा रुंद केला, म्हणजे रीबोअर केलं, की तेच इंजिन १२९.५ सीसीचं होतं. झिजलेल्या इंजिनाला रीबोअर चालतं की नाही, हे नियमात लिहिलेलं नसेल तर वाद तिथेच सुरू होतो. पावणेपाच सीसी म्हणजे जवळपास पावणेचार टक्के, आणि शर्यतीत एवढ्यावर जागा बदलतात.

पुढचा आकडा हेडमधला. कॉम्प्रेशन १० ला १ असेल, तर पिस्टन वर टेकतो तेव्हा उरलेली जागा असते जेमतेम १३.९ सीसी, चहाच्या तीन चमच्यांपेक्षाही कमी. ती मोजायची पद्धत सुंदर आहे. पिस्टन वर आणायचा, कडेला ग्रीस लावून फट बंद करायची, प्लगच्या भोकातून ब्युरेटने पातळ तेल थेंबाथेंबाने सोडायचं आणि पातळी प्लगच्या आट्यांपर्यंत आली की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. आता लेथवर हेडचा अर्धा मिलिमीटर थर काढा. बोअरच्या पूर्ण रुंदीवर सव्वा सीसीच्याही आतली जागा जाते, पण कॉम्प्रेशन १० वरून १०.८ वर पोहोचतं. आणखी अर्धा काढला की ११.८. इंजिन एवढ्याशा जाडीवर स्वभाव बदलतं.

आणि हे सगळं पुण्याच्या हवेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे इथे हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी. इथे कार्ब्युरेटरचा जेट नेमका बसवून इंजिन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर नेलं, तर तिथली दाट हवा त्याच जेटच्या पेट्रोलला जास्त होते. मिश्रण पातळ पडतं, पिस्टन तापतो आणि टू-स्ट्रोक असेल तर सीझ होण्याची वेळ येते.

आता सगळ्यांत भयंकर आकडा: फेऱ्या. हेच ५४.५ मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन १४,००० पर्यंत नेलं, तर एका फेरीला ४.३ मिलिसेकंद लागतात. दर फेरीत पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो, म्हणजे सेकंदाला ४६७ वेळा थांबून उलट दिशेला निघतो. तरीही त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ९२ किलोमीटर भरतो. वरच्या टोकाला त्याला परत खेचणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेसात हजार पट असतं. शंभर ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला ७५० किलोच्या जोराने ओढतो. फेऱ्या निम्म्या, म्हणजे ७,००० केल्या की हाच जोर निम्मा नाही, चौथाई होतो. फेऱ्या वाढवणं स्वस्तात ताकद देतं, पण या वर्गाच्या गणितामुळेच तितक्याच स्वस्तात रॉड तोडतं.

नियम सैल ठेवले की माणसाची बुद्धी कुठवर जाते, हे १९६० च्या दशकात जगाने पाहिलं. मोटारसायकल ग्रां प्रीमध्ये ५० सीसीचा वर्ग होता, म्हणजे १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांनी बाजारात आणलेल्या लुनाचं माप. किती सिलिंडर, किती गिअर, याला बंधन नव्हतं. होंडाने १९६६ च्या आरसी११६ मध्ये ते ५० सीसी दोन सिलिंडरांत वाटले. बोअर ३५.५ मिलिमीटर, स्ट्रोक २५.१४, एकेका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, नऊ गिअर आणि २१,५०० फेऱ्यांना सुमारे १४ अश्वशक्ती. तेच सिलिंडर पाच जोडून १२५ सीसीची आरसी१४९ तयार झाली. सुझुकीची १९६७ ची आरके६७ तर चौदा गिअरची होती, कारण ताकद मिळण्याचा फेऱ्यांचा पट्टा अगदी अरुंद झाला होता. अखेर एफआयएम या जागतिक मोटारसायकल महासंघाने १९६९ पासून या वर्गाला एक सिलिंडर आणि सहा गिअरची मर्यादा घातली.

कार्टिंगचा प्रवासही तसाच. आर्ट इंगल्सने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं कार्ट बनवलं, ते गवत कापण्याच्या यंत्राच्या सुमारे अडीच अश्वशक्तीच्या इंजिनावर. अर्ध्या शतकाने १०० सीसीची कार्ट इंजिनं २०,००० फेऱ्यांपलीकडे ओरडत होती. २००७ मध्ये १२५ सीसीचा नवा केएफ वर्ग आला, तेव्हा सर्वांत वरच्या केएफ१ लाही १६,००० वर मर्यादा बसली.

आपल्या विद्यार्थ्यांसमोर नियमांची दोन टोकं आहेत. २००७ पासून होणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेत वर्षानुवर्षं सर्व संघांनी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकाच मापाचं १० अश्वशक्तीचं इंजिन वापरलं. त्याच्या आत हात घालायला मनाई. सगळी कसोटी गाडीच्या बांधणीची. दुसरीकडे कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवरची फॉर्म्युला भारत. पेट्रोल गाड्यांना ७१० सीसीपर्यंत मुभा, पण सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका भोकातून घ्यायची. त्या भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोहोचला की इंजिन कितीही ओढो, सेकंदाला ७५ ग्रॅमपेक्षा जास्त हवा आत जात नाही. ताकद साधारण शंभर अश्वशक्तीच्या आसपास अडते. त्याअलीकडे कॅम, इनटेक, एग्झॉस्ट, इंजिनाचं मॅपिंग, सगळं विद्यार्थ्यांच्या हातात.

माझ्या मते नियम लिहायचा तर असा लिहावा. एकच आकडा, पण तो चोख. घनफळ हा तसा आकडा नाही. भोकाचा व्यास किंवा फेऱ्यांची कमाल मर्यादा आहे, कारण तिथे धोकाही अडतो आणि शोधक बुद्धीला मोकळं रान मिळतं. आयोजकांनी गो-कार्टच्या नियमपुस्तिकेत निदान फेऱ्यांची मर्यादा आणि रीबोअरचं कमाल माप स्पष्ट छापावं.

आणि इंजिन उघडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एवढंच सांगणं: लेथला हात लावण्याआधी वहीत स्ट्रोक आणि फेऱ्या मांडा, रॉडवर किती किलोचा ओढा येतो ते काढा. तो आकडा पेलेल असा रॉड हातात असेल, तरच पुढचे हजार आरपीएम मागा.