पास घ्यावा की तिकीट?

अमेरिकेत राहणारे तुमचे मामा-मामी सुट्टीत मोटार काढतात, तेव्हा घरात एक प्रश्न हमखास निघतो. राष्ट्रीय उद्यानांचा वर्षाचा पास घ्यायचा, की दर फाटकावर तिकीट?

पेन्सिल घ्या! तिथल्या रहिवाशांना पास ८० डॉलरना पडतो. यलोस्टोन (हो, तेच, १८७२ सालचं!) एका मोटारीचे सात दिवसांसाठी ३५ डॉलर घेतं. शेजारच्या ग्रँड टीटॉनचेही ३५. झाले ७०. म्हणजे दोनच उद्यानं बघायची, तर पास नकोच. पण वर्षाच्या आत ग्रँड कॅन्यनही गाठायचं असेल, तर बेरीज १०५ होते. मग पास घेतलेला बरा. २५ डॉलर वाचतात. भारतातून गेलेल्या पाहुण्यांचं गणित मात्र निराळं. २०२६ पासून परदेशी लोकांना वर्षाचा पास २५० डॉलरना आहे.

पण थांबा, मामेभाऊ कितवीत आहे? तिथे राहणाऱ्या चौथीच्या मुलांना सप्टेंबर ते ऑगस्टपर्यंतचा पास चक्क फुकट मिळतो! त्यावर त्याच्या मोटारीतली घरची मंडळीही आत जातात. २०२५ पर्यंत तो कागदावर छापून न्यावा लागे. फोनवर दाखवून चालत नसे.

आता सांगा, त्या मोटारीत खिडकीची जागा कुणाला मिळणार?