रोखे व्यवहारांचे शासकीय नियमन

सरकार, स्थानिक संस्था व कंपन्या यांनी भांडवल उभारण्यासाठी विक्रीस काढलेले कर्जरोखे व भाग (शेअर) यांची खरेदी-विक्री, नोंद आणि फेड यांवर शासन कायद्याने जे नियंत्रण ठेवते, त्यास रोखे व्यवहारांचे नियमन म्हणतात. अशा प्रत्येक व्यवहारात एका बाजूने रोखा व दुसऱ्या बाजूने पैसा सरकतो. यांपैकी एकच सरकला व दुसरा वचनावर राहिला, तर मधल्या काळात ते वचनच रोख्याच्या जागी बाजारात फिरू लागते. भारतातील काही मोठे आर्थिक गैरव्यवहार या फटीतून उद्भवले आणि त्यानंतरच्या सुधारणांचा रोखही प्रामुख्याने ती बुजविण्याकडे राहिला.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापसाची गरज पडली आणि मुंबईत अमाप पैसा आला. या पैशावर बॅकबे भरणीसारख्या कंपन्यांच्या भागांचा सट्टा माजला. अनेक सौदे १ जुलै १८६५ या वायद्याचे होते. त्यांत माल नव्हता व पैसाही नव्हता, केवळ भावातील फरक घेण्याची आशा होती. युद्ध संपताच कापसाचे भाव घसरले. मुंबई बँकेचा २,८५० रुपयांवर गेलेला भाग ८७ रुपयांपर्यंत खाली आला व सरकारचे भाग असलेली ही बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. मुंबईच्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली, तरी शासनाने कायद्याने हात घातला तो १९२५ मध्ये. त्या वर्षाच्या मुंबई रोखे करार नियंत्रण कायद्याने रोखीच्या सौद्यांव्यतिरिक्त इतर सौदे मान्यताप्राप्त बाजाराच्या नियमांखाली आणले.

परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबईचा कायदा तेथे लागू नव्हता. मानवत व सेलू येथील कापूस मुंबईस जाई. त्या बाजाराचे नियम मात्र जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे होते. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि रोखे करार (नियमन) अधिनियम, १९५६ हा २० फेब्रुवारी १९५७ पासून अंमलात येऊन देशभर एकच कायदा झाला.

यानंतरचे मोठे वळण १९९१ मधील परकीय चलनाच्या संकटाने आले. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. सोने परदेशी गहाण ठेवावे लागले व जुलैमध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्याच वर्षी नेमलेल्या नरसिंहम् समितीने बँक व भांडवल बाजारावरील जुनी बंधने सैल करण्याची शिफारस केली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळास (सेबी) १९९२ च्या आरंभी वैधानिक अधिकार मिळाले. कंपन्यांनी किती भांडवल कोणत्या किमतीस काढावे, हे ठरविणारा १९४७ चा नियंत्रण कायदा त्याच वर्षी रद्द झाला.

अधिकार नवे व यंत्रणा अपुरी असतानाच एप्रिल १९९२ मध्ये रोखे गैरव्यवहार उघडकीस आला. त्याचे मूळ भागांच्या बाजारात नसून सरकारी रोख्यांच्या बाजारात होते. बँकांना ठेवींचा मोठा हिस्सा (त्या काळी ३८·५ टक्क्यांपर्यंत) सरकारी व तत्सम मान्य रोख्यांत ठेवावा लागे. पैशाची तात्पुरती चणचण भासली, की बँक आपले रोखे ठराविक दिवशी ठराविक भावाने परत घेण्याच्या अटीवर दुसऱ्या बँकेस विकत असे. मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात हाताने होई व तिला विलंब लागे. म्हणून विक्रेती बँक ‘पैसे मिळाले, रोखे मागाहून देऊ’ अशा अर्थाची बँक पावती देई. दलालाचे काम दोन बँकांची गाठ घालून देण्याचे. प्रत्यक्षात धनादेश दलालाच्याच खात्यात जमा होऊ लागले आणि तो पैसा शेअरबाजारात उतरला. सातारा जिल्ह्यातील बँक ऑफ कराड व मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी तर हाती रोखे नसताना पावत्या दिल्या. जानकीरामन समितीच्या हिशोबानुसार सु. ४,००० कोटी रुपयांची रक्कम अडकली होती. बँक ऑफ कराड परिसमापनात गेली. ठेवीदारांपैकी बहुतेकांनी शेअरबाजार कधी पाहिलाही नसेल.

खटल्यांसाठी १९९२ मध्ये विशेष न्यायालय स्थापन झाले; परंतु कारभारास खरे वळण लावले ते नोंदपद्धतीतील बदलाने. १९९५ पासून रिझर्व्ह बँकेच्या खातेवहीत रोखा व पैसा एकाच वेळी हस्तांतरित होऊ लागले. निक्षेपागार अधिनियम, १९९६ नुसार भागांची कागदी प्रमाणपत्रे जाऊन त्यांची खात्यावर नोंद होऊ लागली. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारी रोख्यांच्या फेडीची हमी घेण्यास आरंभ केला.

यानंतर दोनच महिन्यांत दिसून आले, की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका या व्यवस्थेच्या बाहेरच राहिल्या होत्या. परभणीसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात शेतकऱ्याचा रोखेबाजाराशी थेट संबंध क्वचितच येतो; पण त्याचे पीककर्ज गावच्या सोसायटीमार्फत जिल्हा बँकेतून येते. पेरणीच्या सुमारास या बँकांचा पैसा बाहेर जातो, सुगीनंतर परत येतो व मधल्या काळात कोठेतरी गुंतवावा लागतो. नागपूर, वर्धा आणि मराठवाड्यातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील जिल्हा बँकांनी होम ट्रेड या दलाली कंपनीस सरकारी रोख्यांसाठी पैसे दिले. रोखे आले नाहीत. एकट्या नागपूर बँकेची अडकलेली रक्कम शंभर कोटी रुपयांहून अधिक होती. बँकांकडे उरली ती सौद्याची चिठ्ठी, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या बँक पावतीचेच दुसरे रूप. ही पुनरावृत्ती अज्ञानाने झाली असे म्हणणे कठीण आहे, कारण १९९२ चे अहवाल सर्वांपुढे होते. सहकारी बँकांवर सहकार खाते व रिझर्व्ह बँक असे दुहेरी नियंत्रण होते आणि दोहोंपैकी कोणी काय तपासावे, हे संदिग्ध होते. नागपूरच्या खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी लागला.

रिझर्व्ह बँकेने त्यानंतर सहकारी बँकांना रोखे केवळ खात्यावरील नोंदीच्या रूपात ठेवण्याचे व दलालाशी स्वतःचा पक्ष म्हणून सौदा न करण्याचे बंधन घातले. बँकिंग विनियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने व्यवस्थापनावरील तिचे अधिकार वाढले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२१ पासून जिल्हा बँकांनाही लागू झाली. नोव्हेंबर २०२१ पासून व्यक्तीसही रिझर्व्ह बँकेकडे स्वतःचे खाते उघडून दलालावाचून सरकारी रोखे घेता येतात.