बाबांनी विचारलं, "हे खरं आहे का?"

आई-बाबा सध्या माझ्याकडे शिकागोला आलेत. जून महिना, म्हणजे इथे शाळांना सुट्टी आणि फील्ड म्युझियममध्ये पोरांची जत्रा. शुक्रवारी रजा टाकून आम्हीही गेलो. आत शिरल्या शिरल्या मोठ्या हॉलमध्ये मॅक्सिमो उभा आहे. पॅटागोटायटन जातीचा डायनासोर, १२२ फूट लांब. बाबा मान वर करून बघत राहिले आणि मग विचारलं, "हे खरं आहे का?"

मी म्हटलं, "नाही, फायबरग्लासचं."

"मग एवढं तिकीट कशाचं घेतात?" तिकिटाचे रुपये त्यांनी रांगेतच करून ठेवले होते.

प्रश्न रास्त आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच.

या जातीची मूळ हाडं अर्जेंटिनात सापडली, तीही एका प्राण्याची पूर्ण नाहीत. किमान सहा प्राण्यांची हाडं जुळवून बघितली, तेव्हा हा प्राणी उभा राहिला. कवटी मिळालीच नाही, ती जवळच्या जातींवरून बनवली. शिवाय जीवाश्म म्हणजे शेवटी दगड. मांडीचं एक हाडच जवळजवळ आठ फुटांचं. असले दगड हवेत टांगायचे म्हटलं तर प्राण्यापेक्षा लोखंडच जास्त दिसेल. आणि प्रतिकृती आहे म्हणून तर पोरं मॅक्सिमोच्या पायाला बिनधास्त हात लावतात.

पण सगळंच नकली असं समजू नका. वरच्या मजल्यावर 'सू' आहे. टी-रेक्स, साधारण ६.७ कोटी वर्षांपूर्वीची, ४० फूट लांब. सांगाडा आकारमानाने सुमारे ९० टक्के मिळाला, आणि ती हाडं अस्सल आहेत. प्रत्येक हाड वेगळ्या पकडीत बसवलंय, अभ्यासाला हवं तर तेवढंच काढता येतं. डोकं मात्र प्रतिकृती! खरी कवटी वेगळ्या काचेच्या पेटीत आहे, कारण तिचं वजन सुमारे २७० किलो, आणि जमिनीत दबून ती थोडी चेपलीय. मी बॅकअप, ओरिजिनल डेटा असलं काहीतरी समजावत होतो, तर आई म्हणाली, "देवळातल्यासारखंच की. मूळ मूर्ती गाभाऱ्यात, पालखीत उत्सवमूर्ती." संपला विषय.

सू सापडली ती पंक्चरमुळे. १२ ऑगस्ट १९९०, साउथ डकोटा. टायर बसला, बाकीचे तो दुरुस्त करायला गावात गेले, आणि सू हेंड्रिक्सन तेवढ्या वेळात जवळचा कडा बघायला गेली. तिथे हाडं दिसली. पुढे मालकीवरून कोर्टकचेरी झाली, १९९७ मध्ये लिलाव झाला आणि म्युझियमने मोठ्या कंपन्यांच्या मदतीने ८३.६ लाख डॉलरला ती घेतली.

यातला ऑगस्ट महत्त्वाचा. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून खणायचा सीझन उन्हाळाच. आपण एसीत डायनासोर बघत असतो तेव्हा बरेच शास्त्रज्ञ बाहेर उन्हात हाडं शोधत असतात. हाड दगडासकट काढतात, गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून त्याभोवती गुंडाळतात, अगदी हात मोडल्यावर घालतात तसं, आणि लॅबमध्ये आणतात.

ती लॅब काचेतून बघता येते. सूची साफसफाईसुद्धा लोकांसमोरच झाली होती. आम्ही गेलो तेव्हा एक बाई भिंगाखाली, हवेवर थरथरणाऱ्या पेनाने हाडाभोवतीचा दगड कणाकणाने उडवत होती. काही ठिकाणी बारीक पावडरीचा फवारा मारतात. ती पावडर बहुतेक वेळा खाण्याचा सोडा असते, कारण तो दगडापेक्षा मऊ असतो, हाडाला धक्का कमी लागतो. डिंकही असा वापरतात की उद्या कुणाला वाटलं तर तो विरघळवता यावा.

बाबांचं सांगलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं डोळ्याला भिंग. ते काचेला नाक लावून उभे राहिले ते राहिलेच. आई कंटाळून कॉफी प्यायला गेली. "हात बघ तिचा," बाबा म्हणाले, "जरा हलत नाही." मॅक्सिमो, सू, तिकीट, सगळं विसरले होते.

म्युझियम पाचला बंद होतं. पावणेपाचला गार्डने आठवण केली तेव्हा ती बाई अजून त्याच हाडावर होती, आणि बाबा विचारत होते, "उद्या येता येईल का?"